सहा आठवड्यांचा कोर्स आणि पूर्व केनियातला मका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची संस्था पुण्याची. इथल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी केलेला तुमचा ऑनलाइन कोर्स चांगला चालला. आता निधी देणाऱ्यांनी ‘आफ्रिकेतल्या अन्नव्यवस्थेत बदल घडवू पाहणाऱ्यांसाठी’ तसाच कोर्स मागितलाय. सहा आठवडे, चाळीस व्हिडिओ, सगळं इंग्रजीतून, केनिया, इथिओपिया आणि नायजेरिया तिघांना मिळून एकच, शेवटी चाचणी आणि प्रमाणपत्र. प्लॅटफॉर्म कोणता घ्यावा आणि लोक मध्येच गळू नयेत म्हणून काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

प्लॅटफॉर्मचं उत्तर दोन ओळींचं आहे, ते खाली येईलच. अडचण तिथे नाही. ‘अन्नव्यवस्थेत बदल’ हे कुणा एकाच्या टेबलावरचं काम नसतं. वॉर्डातला (केनियात वॉर्ड म्हणजे काउंटीचा छोटा भाग) कृषी अधिकारी, मका गोळा करणारा व्यापारी, सहकारी संस्थेची व्यवस्थापक, पिठाचा गिरणीवाला, काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, सरकारात अंदाजपत्रक जुळवणारा अधिकारी, अशा सगळ्यांना एका वर्गात बसवून पोषण, हवामान, मूल्यसाखळी आणि धोरण थोडं थोडं वाढलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला कामाचं असं फार थोडं येतं. मोफत खुल्या कोर्समध्ये नाव नोंदवणाऱ्या दहांतला एखादाच शेवटपर्यंत पोचतो, हे जगभरचंच चित्र आहे. लोक कंटाळतात हे खरं, पण त्याहून मोठं कारण म्हणजे ‘यातलं मी उद्या सकाळी काय करू’ याचं उत्तर त्यांना मिळत नाही.

देश कोणता, पीक कोणतं, शिकणाऱ्याच्या हातात कोणता अधिकार आहे आणि तुमचा स्थानिक भागीदार किती भक्कम आहे, यावर पुढचं बरंच अवलंबून राहील. म्हणून सर्वसाधारण बोलण्याऐवजी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो: पूर्व केनियातला मका आणि त्यातलं अफ्लाटॉक्सिन. पीक बदललं तरी विचाराची रीत तीच राहते.

अफ्लाटॉक्सिन हे एका बुरशीनं दाण्यात तयार केलेलं विष. २००४ साली केनियाच्या पूर्व भागात, मुख्यतः माकुएनी आणि किटुई जिल्ह्यांत, घरचा मका खाऊन ३१७ जण आजारी पडले आणि १२५ दगावले. आपल्यालाही हे परकं नाही. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली होती. हे विष शिजवून जात नाही, पीठ चाळून जात नाही आणि चांगल्या दिसणाऱ्या दाण्यातही असू शकतं. पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी मक्यासाठी ठरवलेली मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम आहे आणि ओलाव्याची कमाल १३.५ टक्के. भारतातले आकडे वेगळे आहेत, त्यामुळे इथल्या कोर्सच्या स्लाइड तशाच उचलू नका.

अशा विषयावर कोर्स करायचा म्हटलं की पहिल्याच बैठकीत बुरशीचं जीवशास्त्र, आरोग्यावरचे परिणाम आणि ‘जागृती’ यांचा आराखडा तयार होतो. तो बाजूला ठेवा आणि आधी एक हिशेब करा. केनियात मक्याचा व्यवहार ९० किलोच्या पोत्यात होतो. समजा मक्यात १८ टक्के ओलावा आहे. त्या ९० किलोत कोरडा भाग ७३.८ किलो. तोच मका १३.५ टक्क्यांपर्यंत वाळवला की वजन उरतं साधारण ८५.३ किलो. म्हणजे वाळवणाऱ्याच्या पोत्यामागे पावणेपाच किलो उडाले. व्यापारी ओल्या-कोरड्याला एकच दर देत असेल, तर नीट वाळवणारा शेतकरी स्वतःच्या खिशातून वाळवतो. किलोमागे साडेपाच टक्के जास्त दर मिळाला तरच तो बरोबरीला येतो. त्यात ताडपत्रीचा खर्च आणि चार दिवस राखण बसण्याची मेहनत धरलेली नाही.

हा हिशेब समोर आला की कोर्सचं स्वरूपच बदलतं. शेतकऱ्याला वाळवायला शिकवणं पुरत नाही. मका ज्या जागी एका हातातून दुसऱ्या हातात जातो, त्या व्यवहाराच्या दोन्ही बाजू कोर्समध्ये हव्यात: शेतकऱ्यांशी रोज बोलणारा वॉर्ड अधिकारी किंवा सहकारी संस्थेची व्यवस्थापक, आणि मका विकत घेणारा व्यापारी किंवा गिरणीवाला. तुमचे चाळीस व्हिडिओ कितीही सुरेख असले तरी खरेदीदार वर्गात नसेल तर फेब्रुवारीत काढणीनंतर मक्याला काटा लागतो तेव्हा काहीच बदललेलं नसतं.

दोघांना एकाच व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मात्र टाकू नका. व्यापारी ऐकतोय म्हटल्यावर सहकारी संस्थेची माणसं दराबद्दल तोंड उघडत नाहीत, आणि व्यापारी आपलं ओलावा मोजायचं मॉइश्चर मीटर कधी तपासून घेतलं ते सांगत नाही. दोन ग्रुप वेगळे, प्रत्येकी पंचवीस-तीस जणांचे, आणि पूर्ण कोर्समध्ये फक्त दोनदा एकत्र कॉल. पहिल्या एकत्र कॉलला वरचा पोत्याचा हिशेब दोन्ही बाजूंनी आपापल्या आकड्यांनी करून आणायचा. दुसऱ्या कॉलला एकच प्रश्न: १३.५ टक्क्यांच्या मक्याला जास्त दर कोण देईल आणि किती? यातून करार होईलच असं नाही. पण झाला तर तो कोर्समधल्या कुठल्याही धड्यापेक्षा मोलाचा.

आता वेळापत्रक. सलग सहा आठवडे ही कल्पना पुण्यातल्या कार्यालयाला सोयीची आहे, मक्याला नाही. पूर्व केनियाच्या कोरड्या पट्ट्यात दोन पावसाळे असतात, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि तिथे दुसरा जास्त भरवशाचा. ऑक्टोबरमध्ये पेरलेला लवकर येणारा मका डिसेंबरच्या मध्यापासून तुऱ्यावर येतो आणि काढणी साधारण फेब्रुवारीत. अफ्लाटॉक्सिनविरुद्धचा शेतातला उपाय, अफ्लासेफ, तुरा यायच्या दोन-तीन आठवडे आधी एकरी ४ किलो फेकायचा असतो. हे ज्वारीचे दाणे असतात आणि त्यांवर त्याच बुरशीचे विष न बनवणारे स्थानिक प्रकार चढवलेले असतात. ते शेतात आधी जागा पकडतात, म्हणून विषारी प्रकाराला जागा उरत नाही. केनियासाठीचं उत्पादन मचाकोसजवळच्या कटुमानी संशोधन केंद्रात बनतं.

म्हणजे अफ्लासेफचा धडा नोव्हेंबरच्या मध्यात पोचला पाहिजे. जानेवारीत पोचला तर तो पुढच्या हंगामासाठी आणि तोवर विसरला जाईल. सोबत तीन सूचना हव्यातच: जमीन ओलसर असतानाच टाका, कारण कोरड्या मातीत त्या दाण्यांवर बुरशी वाढत नाही, खुरपणी आधी उरकून घ्या, नंतर केली तर दाणे मातीखाली जातात, आणि एका शेतकऱ्यानं दोन ओळींत टाकून भागत नाही, शेजारच्या शेतांतही पडलं तर परिणाम चांगला.

म्हणून तुमचे सहा आठवडे तीन तुकड्यांत फोडा. दोन आठवडे नोव्हेंबरच्या मध्यात, शेतातल्या उपायासाठी. मग थांबा. डिसेंबरच्या उत्तरार्धात नैरोबीतली निम्मी माणसं गावी गेलेली असतात, कुणी लॉगिन करत नाही. दोन आठवडे जानेवारीत, ताडपत्र्या, मीटर, हवाबंद पिशव्या यांची जमवाजमव आणि व्यापाऱ्यांशी बोलणी. आणि शेवटचे दोन आठवडे काढणीच्या ऐन वेळी फेब्रुवारीत, धडे सगळ्यात छोटे आणि प्रत्यक्ष काम सगळ्यात जास्त. निधी देणाऱ्यांना हे पटवणं जड जातं, कारण त्यांचं तिमाही अहवालाचं कोष्टक वेगळं असतं. पण हे पहिल्याच पत्रात मांडा. प्रस्ताव मंजूर झाल्यावर तारखा हलत नाहीत.

एक धडा कसा दिसावा हे सांगण्यासाठी मीठ-बाटलीची चाचणी घेऊ. मॉइश्चर मीटर प्रत्येक घरी नसतो. बाटली आणि मीठ असतं. ७५० मिलिलिटरची काचेची किंवा पारदर्शक बाटली, आतून पूर्ण कोरडी. एक तृतीयांश भरेल इतका मका. दोन-तीन मोठे चमचे कोरडं मीठ. बूच लावून मिनिटभर जोरात हलवायची, पंधरा मिनिटं ठेवायची, मग पाहायचं. मीठ बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटलं असेल तर मक्यात १५ टक्क्यांहून जास्त ओलावा आहे. नाही चिकटलं तर त्याखाली.

हा धडा दोन मिनिटांच्या व्हिडिओत बसतो आणि बहुतेक कोर्स तिथेच थांबतात. त्यात दोन खाचखळगे आहेत. पहिला, बाटली धुऊन घाईत वापरली किंवा मीठ आधीच दमट असलं, तर कोरडा मकाही ‘ओला’ ठरतो. मीठ आधी उन्हात किंवा तव्यावर कोरडं करून घ्या हे सांगायलाच हवं, आणि नुसतं मीठ घालून बाटली एकदा हलवून दाखवायची: तेव्हाच चिकटलं तर चाचणी बाद. दुसरा जास्त महागाचा. चाचणी १५ टक्क्यांची सीमा दाखवते, व्यवहाराचं मानक १३.५ चं आहे. मीठ चिकटलं नाही म्हणून ज्यानं मका गोणीत भरला, त्याच्याकडे अजून दीड टक्का जास्त ओलावा असू शकतो. म्हणून धड्यात सरळ नियम द्या: मीठ चिकटेनासं झालं की अजून किमान एक पूर्ण ऊन, आणि साठवण्याआधी किंवा विकण्याआधी मीटरवर पाहणं.

मीटरचंही तसंच. उन्हातून नुकताच उचललेला गरम दाणा मीटरमध्ये घातला तर आकडा भरवशाचा येत नाही. सावलीत थंड होऊ द्या, पोत्याच्या वरून, मधून, तळातून घ्या, मिसळा, तीन वेळा मोजा आणि सरासरी काढा. सोयाबीन विकायला बाजार समितीत गेलेला कुठलाही शेतकरी मीटरच्या आकड्यावरून होणारी भांडणं सांगेल. तिथेही तीच होतात, म्हणून व्यापाऱ्याच्या ग्रुपला ‘मीटर वर्षातून किती वेळा तपासून घ्यायचा आणि ते शेतकऱ्याला कसं दाखवायचं’ हा स्वतंत्र धडा हवा.

हवाबंद पिशव्यांचा धडाही असाच अर्धवट शिकवला जातो. पिक्स नावाची तीन थरांची पिशवी आधी कॅमेरूनमध्ये चवळी साठवण्यासाठी विकसित झाली: आत दोन जाड प्लॅस्टिकच्या थैल्या, बाहेर विणलेलं पोतं. प्रत्येक थर वेगळा पिळून, हवा काढून, वेगळा बांधायचा. किडे ऑक्सिजनविना मरतात, औषध लागत नाही. पण ही पिशवी मका वाळवत नाही, आणि आधी तयार झालेलं विष काढून टाकत नाही. ओला मका तिच्यात बांधला तर उघडताना आंबल्याचा वास येतो आणि शेतकरी दोष पिशवीला देतो. तो एक अनुभव आसपासच्या सगळ्या घरांत पोचतो, पुढे दोन वर्षं कुणी पिशवी घेत नाही. म्हणून क्रम बदलायचा नाही: आधी वाळवण, मग मीटर, मग पिशवी. आणि भरण्याआधी आतली थैली फुगवून, कानाशी धरून भोक आहे का ते पाहायचं.

सगळ्यात कठीण धडा नमुना घेण्याचा. अफ्लाटॉक्सिन पोत्यात सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. मूठभर दाणे भयंकर दूषित, बाकीचे स्वच्छ. एका पोत्यातून ओंजळभर काढून झटपट पट्टीवर तपासलं आणि आकडा चांगला आला, यात नशिबाचा भाग मोठा असतो. पुष्कळ पोत्यांतून थोडं थोडं घेऊन एकत्र करायचं, सगळंच दळायचं, पीठ नीट मिसळायचं आणि त्या पिठातून तपासणीचा भाग घ्यायचा. आधी दाण्यांतून छोटा भाग वेगळा करून मग दळणं, ही सर्रास होणारी चूक. गिरणीवाल्यांच्या ग्रुपला या एका गोष्टीसाठी पूर्ण आठवडा द्या, बाकी काही कमी करावं लागलं तरी.

धडे पोचवायचे कसे, तर आधी डेटाचा हिशेब. तुमचे चाळीस व्हिडिओ बारा मिनिटांचे आणि बऱ्या प्रतीचे असतील, सेकंदाला दीड मेगाबिटचे, तर एकेक १३५ एमबी आणि सगळे मिळून साडेपाच जीबीच्या आसपास. हा डेटा वॉर्ड अधिकारी स्वतःच्या पैशानं विकत घेणार आहे, आणि त्याच्या फोनमध्ये तेवढी मोकळी जागा असेलच असं नाही. त्याऐवजी बाराच व्हिडिओ, चार मिनिटांचे, ३६०पी, सेकंदाला ४०० किलोबिट ठेवले तर प्रत्येकी १२ एमबी, एकूण दीडशेच्या आत. नुसता आवाज असेल तर पाच मिनिटं एक एमबीतही बसतात. माझ्या मते आवाजाची फाईल आणि एक पानी चित्र हाच मुख्य धडा ठेवावा, आणि व्हिडिओ फक्त तिथे जिथे हाताची हालचाल दाखवायची आहे: पिशवी पिळून बांधणं, बाटली हलवणं, नमुना एकत्र करणं. थेट कॉल पाऊण तासाचा, कॅमेरे बंद, आणि तासाच्या आत रेकॉर्डिंगचा फक्त आवाज ग्रुपवर.

एका जुन्या गोष्टीचा उपयोग इथे होईल. डिजिटल ग्रीन या संस्थेचं काम भारतात सुरू झालं आणि पुढे इथिओपियात पोचलं: गावातल्याच शेतकऱ्याचा छोटा व्हिडिओ, छोट्या प्रोजेक्टरवर दाखवायचा, आणि दाखवणारा मध्येच थांबवून विचारतो, ‘आता यानं काय केलं? का केलं?’ त्या थांबण्यात अर्धं शिक्षण आहे. तुमच्या कोर्समध्ये वॉर्ड अधिकारी हाच पुढे बायकांच्या बचत गटात, तिकडच्या ‘चामा’त, हे दाखवणार असतो. तेव्हा प्रत्येक व्हिडिओत थांबण्याच्या दोन जागा आणि विचारायचे दोन प्रश्न पडद्यावरच लिहा. आपल्याकडे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या शेतीविषयक शिक्षणातही पुस्तकाला अभ्यासकेंद्राची जोड असते. निव्वळ पडद्यावर शेती शिकवण्याचा आग्रह धरू नका.

भाषेचं ठरवताना एवढंच पाहा की कोण वाचतं आणि कोण ऐकतं. केनियातला अधिकारी इंग्रजी सहज वाचतो, पण माकुएनीत शेतकऱ्याशी तो किकांबा या स्थानिक भाषेत बोलतो. त्यामुळे पान इंग्रजीत चालेल, ऑडिओ किकांबा आणि स्वाहिलीत हवा, आणि आवाज भाषांतर संस्थेच्या निवेदकाचा नको, तिथल्या कृषी अधिकाऱ्याचा हवा. मका सोलणं, वाळवणं, निवडणं बहुतेक घरांत बाईच्या हातचं असतं आणि फोन मात्र अनेकदा नवऱ्याच्या खिशात. नावनोंदणीत ‘घरात मका कोण वाळवतं’ हा प्रश्न घाला, आणि उत्तराप्रमाणे ऑडिओ कुणाला ऐकवायचा ते ठरवा.

वेळेचा घोळ फार होतो, म्हणून सांगतो. नैरोबी आणि अदिस अबाबा आपल्यापेक्षा अडीच तास मागे, लागोस साडेचार तास. तिघांना सोयीची एकच वेळ शोधू नका. शिवाय स्वाहिलीत आणि इथिओपियात घड्याळ सूर्योदयापासून मोजतात: सकाळचे सात म्हणजे पहिला तास, दहा म्हणजे चौथा. सूचनेत नुसतं ‘४ वाजता’ लिहिलं की काही जण सकाळी दहाला हजर होतात. ‘दुपारी, ऑफिसच्या घड्याळात ४, स्थानिक मोजणीत दहावा तास’ असं दोन्ही पद्धतींत लिहा. इथिओपियाचं कॅलेंडरही तेरा महिन्यांचं आहे, तिथल्या भागीदाराकडून प्रत्येक तारीख पडताळून घ्या.

चाचणीऐवजी काम मागा. प्रत्येक सहभागीनं दहा घरांत बाटलीची चाचणी करायची आणि त्यातल्या निदान तीन घरांत मीटरचा आकडाही घ्यायचा, म्हणजे दोन्हींतला फरक तिला स्वतःला दिसतो. फोटो मागितले की तेच ते फोटो फिरतात, आणि व्हॉट्सॲप फोटोतली वेळ व ठिकाण काढून टाकतं. म्हणून नोंदी कोबो टूलबॉक्ससारख्या फॉर्मवर घ्या. तो इंटरनेट नसतानाही भरता येतो आणि वेळ, जागा नोंदवतो. फोटो हवाच असेल तर त्या आठवड्याचा सांकेतिक शब्द कागदावर लिहून बाटलीशेजारी ठेवायला सांगा. आणि शेतकऱ्याचं नाव, फोन नंबर गोळा करताना संमती घ्या. केनियात २०१९ पासून माहिती संरक्षणाचा कायदा आहे.

डेटाचे पैसे काम जमा झाल्यावर लगेच एम-पेसानं (मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा) किंवा एअरटाइमनं, म्हणजे फोनच्या रिचार्जनं द्या. महिन्याअखेरीस बिलं मागवून नाही. इथे एक अवघड विषय आहे, तो टाळू नका. प्रत्यक्ष कार्यशाळांना दैनिक भत्ता मिळण्याची तिकडे रूढ सवय आहे आणि तुटपुंज्या पगारात तो खरा आधार असतो. ऑनलाइन कोर्सला भत्ता नाही म्हटल्यावर नोंदणी होते आणि मन दुसऱ्या कार्यशाळेत असतं. भत्त्याची बरोबरी करायला जाऊ नका, ती स्पर्धा तुम्ही हराल. अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडून लेखी घ्या की दहा घरांच्या भेटी हे त्याचं नेहमीचंच काम धरलं जाईल आणि मोटारसायकलचं इंधन त्यातून मिळेल. केनियात २०१३ पासून शेती विभाग ४७ काउंट्यांकडे आहे, तेव्हा हे पत्र नैरोबीच्या मंत्रालयातून नव्हे, काउंटीच्या कृषी विभागातून लागतं. प्रमाणपत्रावरही त्या काउंटीची किंवा तिथल्या विद्यापीठाची सही असली तर बढतीच्या फाईलमध्ये त्याचा उपयोग. पुण्याच्या शिक्क्याला तिथे फार वजन नाही.

धोरण आखणाऱ्यांना याच कोर्समध्ये कोंबू नका. त्यांचं काम वेगळं. २००३ च्या मापुटो जाहीरनाम्यात आफ्रिकी देशांनी अंदाजपत्रकातले १० टक्के शेतीला द्यायचं ठरवलं, २०१४ ला मलाबोत ते पुन्हा म्हटलं, आणि जानेवारी २०२५ च्या कंपाला जाहीरनाम्यानं २०२६ ते २०३५ चा पुढचा आराखडा दिला. हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतं. त्यांच्यासाठी दोन बैठका पुरेत, आणि एकच स्वाध्याय: स्वतःच्या काउंटीच्या छापील अंदाजपत्रकात काढणीनंतरच्या साठवणीवर किती रक्कम आहे ती ओळ शोधून आणा, आणि त्यातली किती खर्च झाली ते.

उरले दोन देश. इथिओपियात मुख्य पाऊस जून ते सप्टेंबर आणि काढणी त्यानंतर, म्हणजे केनियाचं वेळापत्रक तिथे निरुपयोगी. तिथे टेलिग्राम जास्त चालतं. शेतकऱ्यांसाठी ८०२८ ही सरकारी फोनसेवा आहे, जी साध्या फोनवरही स्थानिक भाषांत ऐकता येते. तुमचा ऑडिओ तिथे घेतील का हे विचारून पाहा. इंटरनेट दिवसच्या दिवस बंद राहू शकतं हे धरून सगळं मेमरी कार्डवरही द्या. नायजेरियात उत्तरेचा एक पावसाळा आणि दक्षिणेचे दोन, उत्तरेत हौसा भाषा, आणि मक्याइतकाच शेंगदाणा महत्त्वाचा. अफ्लासेफची नोंदणी तिथे २०१४ सालीच झाली आहे, त्यामुळे अनुभवी माणसं मिळतील. एकाच वर्षात तिन्ही देश घेऊ नका. पहिल्या वर्षी एक काउंटी, दोन ग्रुप. पुढच्या वर्षी दुसरा देश, आणि तिथले शिक्षक तिथलेच.

यशाचं माप ठरवताना ‘अफ्लाटॉक्सिन इतके टक्के घटलं’ असं वचन देऊ नका. कणसं भरताना दुष्काळ पडला किंवा ऐन काढणीत पाऊस आला, तर उत्तम कोर्सनंतरही आकडे वाढतात, आणि कोरडं वर्ष असेल तर काही न करता घटतात. त्यापेक्षा काढणीनंतर आठ-दहा आठवड्यांनी साठवलेल्या मक्याचा ओलावा मोजा, मातीवर वाळवणारी आणि ताडपत्रीवर वाळवणारी घरं मोजा, आणि शेजारच्या, कोर्स न झालेल्या वॉर्डातही तेच मोजा. किती व्यापाऱ्यांनी कोरड्या मक्याला वेगळा दर दिला, हे त्यांच्या पावत्यांवरून पाहा.

आणि प्लॅटफॉर्म: मूडल, कारण त्याच्या मोबाइल ॲपवर धडे आधी उतरवून नंतर ऑफलाइन पाहता येतात. सहकारी संस्थेच्या कार्यालयात एकत्र शिकायचं असेल तर कोलिब्री, ते छोट्या स्वस्त संगणकावर इंटरनेटविना चालतं. रोजचं बोलणं व्हॉट्सॲपवर. यापलीकडे त्यावर पैसा घालवू नका. वाचलेल्या पैशातून प्रत्येक ग्रुपला एक पगारी मार्गदर्शक नेमा, शक्यतो निवृत्त कृषी अधिकारी, जो दर आठवड्याला गप्प झालेल्या चार-पाच जणांना स्वतः फोन करेल. आणि पाच मीटर विकत घेऊन ऑक्टोबरच्या आत माकुएनीत पोचवा. सीमाशुल्काच्या कागदपत्रांत महिना सहज जातो.